चौघांच्या पटावरील सावधपणा
(बेळ्ळंदूर येथील मराठी वाचकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

बुद्धिबळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दोन माणसे येतात. समोरासमोर बसलेली, मान खाली घातलेली, आणि भोवती सल्ला देणारे चारदोन बघे. शह देणारा एक आणि शह सोसणारा एक, असा हा दोघांचाच मामला असतो. परंतु याच खेळाचे एक जुने भावंड आपल्या देशात होते आणि आज ते निराळ्या रूपाने पुन्हा खेळले जाते. या भावंडाच्या पटाभोवती चौघे बसतात. बेळ्ळंदूरसारख्या वस्तीत, जिथे मराठी, कन्नड, तेलुगु, तमिळ आणि हिंदी बोलणारी कुटुंबे एकाच जिन्यावर राहतात, तिथे चौघांनी मिळून खेळायचा खेळ कोणालाही प्रिय वाटावा. मात्र दोघांच्या पटावर मुरलेला खेळाडू चौघांच्या पटावर पहिल्यांदा बसला की बहुधा सर्वांआधी बाद होतो. असे का होते, त्याच्यावर येणारे डावपेच कसे ओळखावेत आणि कसे टाळावेत, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रथम या खेळाच्या वंशावळीकडे पाहू. इ. स. १०३० च्या सुमारास अल्-बीरूनी याने हिंदुस्थानविषयी जो प्रख्यात ग्रंथ लिहिला, त्यात चौघांनी फाशांच्या साह्याने खेळावयाच्या बुद्धिबळाचे वर्णन आहे. पट नेहमीचाच, चौसष्ट घरांचा. प्रत्येकाकडे आठ मोहरी: राजा, हत्ती, घोडा, हल्लीच्या कोपऱ्यातील मोहऱ्याच्या जागी येणारा रुख आणि चार प्यादी. वजीर नाही. मारलेल्या मोहऱ्यांचे गुण ठरलेले होते. राजाचे पाच, हत्तीचे चार, घोड्याचे तीन, रुखाचे दोन आणि प्याद्याचा एक. स्वतःचा राजा शाबूत ठेवून उरलेले तिन्ही राजे मारणाऱ्यास मात्र एकदम चोपन्न गुण मिळत. हा आकडा कोणत्याही गणिती नियमातून निघत नाही, तो केवळ लोकसंमतीने ठरला आहे, असा शेराही त्या चिकित्सक पंडिताने मारून ठेवला आहे. या शेऱ्यातून एक गोष्ट सहज ध्यानात येते. दुसऱ्यास मारणे हे कौशल्य होतेच, परंतु तिघांना मारून स्वतः टिकणे हे इतके दुर्मिळ मानले जाई की त्याचे मोल साध्या बेरजेने करता येत नव्हते.

पुढे सोळाव्या शतकात नवद्वीप येथील स्मार्त पंडित रघुनंदन याने आपल्या ‘तिथितत्त्व’ या ग्रंथात हाच खेळ युधिष्ठिर आणि व्यास यांच्या संवादरूपाने सांगितला. धर्मशास्त्राच्या ग्रंथात खेळ कसा आला, असा प्रश्न पडेल. त्याचे उत्तर मराठी माणसाच्या परिचयाचे आहे. आश्विनी पौर्णिमेच्या रात्री जागरण करावयाचे आणि अक्षक्रीडेत रात्र घालवावयाची, हा कोजागरीचा विधी सांगताना त्याच्या ओघात हा खेळ आला. लक्ष्मी त्या रात्री ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, ही समजूत आपल्या घरोघरी आहे. आटीव दुधाच्या पेल्यापलीकडे त्या प्रश्नाचा चौघांच्या पटाशी किती निकटचा संबंध आहे, हे पुढे दिसेलच.

रघुनंदनाने दिलेले काही नियम विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहेत. समोरासमोरचे दोघे मित्र आणि शेजारचे दोघे शत्रू, अशी मांडणी असे. एखाद्या राजाने दुसऱ्याच्या राजाच्या मूळ घरात पाऊल ठेवले की त्यास ‘सिंहासन’ म्हणत. आणि आश्चर्य असे की, हे सिंहासन मित्राचेही घेता येत असे. मित्राच्या घरात राजा पोचला की दोन्ही सेनांचे आधिपत्य त्याच्याकडे जाई आणि मित्र पटावर असूनही खेळातून संपे. दुसरा नियम ‘बृहन्नौका’ या नावाचा. नौका दोन घरे तिरकी उडी घेत असे. तीन नौका एकमेकींस लागून आल्या आणि चौथीने रिकाम्या घरात येऊन चौकोन पुरा केला, तर ती चौथी उरलेल्या तिघींना जिंकीत असे. पहिल्या तिघींपैकी कोणीही चूक केलेली नसते. त्या केवळ एकमेकींजवळ आलेल्या असतात. लाभ मात्र शेवटी येणाऱ्यास होतो. या दोन नियमांत चौघांच्या खेळाचे सारे मर्म आले आहे.

चौघांचा खेळ आधीचा की दोघांचा, यावर विद्वानांत पुष्कळ वाद झाला. विल्यम जोन्स याने १७९० साली या खेळाकडे पाश्चात्त्यांचे लक्ष वेधले. पुढे १८६० मध्ये डंकन फोर्ब्स याने चौघांचा खेळच मूळचा, असे हिरीरीने मांडले. एच. जे. आर. मरे याने १९१३ च्या आपल्या बृहद्ग्रंथात ते मत अमान्य केले, आणि दोघांचा खेळ आधीचा हेच मत आज सामान्यतः ग्राह्य धरले जाते. आपल्यास या वादात शिरण्याचे कारण नाही. एवढेच ध्यानात घ्यावे की, फासे सुटले, पट वाढला आणि चौघांचा खेळ नव्या वेषात परत आला. इंग्लंडमध्ये १८८०च्या दशकात व्हर्नी या लष्करी अधिकाऱ्याने चौसष्ट घरांच्या पटास चारी बाजूंनी तीन-तीन ओळी जोडून एकशे साठ घरांचा पट पुरस्कारिला. आजही बहुधा तोच एकशे साठ घरांचा, क्रुसासारखा पट वापरतात. प्रत्येकाकडे पूर्ण सोळा मोहरी असतात आणि खेळी घड्याळाच्या काट्याप्रमाणे एकाकडून दुसऱ्याकडे जाते. ‘जो तो स्वतःपुरता’ या प्रकारात प्यादे मारल्यास एक, घोड्यास तीन, उंट व हत्ती यांस प्रत्येकी पाच, वजिरास नऊ आणि मात केल्यास वीस गुण, असा हिशेब प्रचलित आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. दोघांच्या पटावर आपल्या दोन खेळ्यांच्या मध्ये एकच परकी खेळी असते. चौघांच्या पटावर तीन असतात. ही साधी गोष्ट प्रत्येकास माहीत असते, परंतु खेळताना तिचे भान राहत नाही. कारण ज्याच्याशी आपली झुंज चालू असते त्याच्याकडेच आपले डोळे लागलेले असतात. उरलेले दोघे जणू बघेच आहेत, असे मनाला वाटू लागते. चौघांच्या पटावरील बहुतेक सर्व डावपेच या एका गैरसमजावर उभे आहेत.

पहिला डावपेच जोराच्या खोटेपणाचा. बुद्धिबळात आपल्या मोहऱ्याच्या पाठीशी दुसरे मोहरे असले की त्यास जोर आहे असे आपण म्हणतो. समजा, पटाच्या दक्षिणेस आपण बसला आहात. आपल्यानंतर डावीकडचा, म्हणजे पश्चिमेचा, खेळणार. मग समोरचा उत्तरेचा, त्यानंतर उजवीकडचा पूर्वेचा आणि मग पुन्हा आपण. आपल्या घोड्यास उंटाचा जोर आहे. पश्चिमेच्या खेळाडूने हत्तीने तो घोडा मारला. दोघांच्या पटावर आपण लगेच उंटाने हत्ती मारला असता आणि घोड्याच्या बदल्यात हत्ती मिळाल्याचा आनंद मानला असता. येथे मध्ये दोन खेळ्या आहेत. उत्तरेने काही केले नाही असे धरले, तरी पूर्वेने आपल्या राजास वजिराचा शह दिला, की आपली पुढची खेळी शह काढण्यातच खर्च होते. हत्ती सुखरूप निघून जातो. पूर्व आणि पश्चिम यांनी काही संगनमत केलेले नसते. पूर्वेने फक्त संधी पाहिली. पण परिणाम संगनमताचाच होतो.

यातून एक उपयुक्त नियम निघतो. डावीकडच्या खेळाडूविरुद्ध जोर हे केवळ एक वचन आहे, आणि ते पुरे होण्यापूर्वी दोन परक्या खेळ्या पार पडाव्या लागतात. उजवीकडच्याविरुद्ध जोर खरा असतो, कारण तो खेळल्यावर लगेच आपलीच पाळी येते. म्हणून डावीकडे तोंड करून उभी असलेली मोहरी केवळ जोरावर विसंबून ठेवू नयेत. ती मुळातच माऱ्याबाहेर असावीत. उलटपक्षी, आपण कोणावर चढाई करावी याचेही उत्तर येथेच मिळते. डावीकडच्यावर हल्ला केला तर तो तत्क्षणी उत्तर देतो. उजवीकडच्यावर केला तर त्याची पाळी येईपर्यंत आणखी दोघे त्या हल्ल्यात भर घालू शकतात. आपणही कोणाच्या तरी उजवीकडचे आहोत, हे मात्र विसरू नये. आपल्या डावीकडच्या खेळाडूच्या दृष्टीने आपण नेमके त्याच जागी आहोत. म्हणूनच त्याच्याकडून येणारा लहानसा धोकाही मोठा समजावा.

दुसरा डावपेच उघडणाऱ्या रेघेचा. आपला राजा आणि समोरच्याचा वजीर एकाच उभ्या रेघेत आहेत, परंतु मध्ये पश्चिमेचा घोडा उभा आहे. रेघ बंद दिसते. पण ती बंद ठेवणारा आपला नोकर नाही. पश्चिमेने घोडा उचलला, की पुढची पाळी उत्तरेचीच असते. ज्या नियमांत राजा प्रत्यक्ष मारता येतो, त्यांत आपल्याला पाळी मिळण्यापूर्वीच आपला राजा पटावरून नाहीसा होतो. शह आला, असे म्हणण्यासही अवसर राहत नाही. दोघांच्या खेळात असे घडणे शक्यच नसल्याने मुरलेला खेळाडूही येथे फसतो. परक्याच्या मोहऱ्याने अडविलेली रेघ ही उघडीच आहे असे समजून चालणे, हा यावरचा उपाय होय. भिंत हवी असेल तर ती स्वतःच्या प्याद्याची असावी.

तिसरा डावपेच दोन शहांचा. एका खेळाडूने दुरून उंटाचा शह दिला. मध्ये प्यादे घालून तो सहज अडविता येईल, असे पाहून आपण निश्चिंत होतो. तेवढ्यात दुसऱ्याने हत्ती आणून दुसरा शह दिला. दोन दिशांचे दोन शह एका खेळीने अडविता येत नाहीत. राजास हलावेच लागते, आणि हलण्याचे एकमेव घर तिसऱ्याच्या माऱ्यात असते. मात झाली. तिघांपैकी कोणाचाही हल्ला एकेकटा पाहिला तर तो किरकोळ होता. येथे हल्ला किती जोराचा आहे याला महत्त्व नसून तो किती बाजूंनी येऊ शकतो याला आहे. म्हणून आरंभी वजीर, उंट बाहेर काढून प्यादी फार पुढे लोटू नयेत आणि राजाभोवती दोन मोकळी घरे तरी सदैव राखून ठेवावीत.

चौथा डावपेच फुकटच्या मोहऱ्याचा. पटाच्या मध्यावर कोणाचा तरी हत्ती बेवारस दिसतो. पाच गुण समोर पडलेले असतात. दोघांच्या पटावर आपण एकच विचारले असते: हा सापळा तर नाही ना? येथे तीन प्रश्न विचारावे लागतात. तो हत्ती घेण्यासाठी जे मोहरे मी उचलणार, ते आजवर कोणती रेघ अडवून होते? ते तिथे पोचल्यावर तिघांपैकी कोण त्यास मारू शकेल? आणि ते आपल्या जागेवरून गेल्यावर कोणाचा जोर नाहीसा होईल? ज्याने हत्ती सोडला त्याने तो आमिष म्हणून सोडलेला नसेलही, परंतु इतर दोघे त्याचा आमिषासारखा उपयोग करतील.

पाचवा, आणि सर्वांत फसवा, डावपेच बरोबरीच्या मारामारीचा. मोहऱ्याला मोहरे, वजिराला वजीर, असा हिशेब दोघांच्या पटावर सरळ असतो. माझे नऊ गेले, तुझे नऊ गेले, आपण बरोबर. चौघांच्या पटावर वजिराला वजीर दिला की दोघे दुबळे होतात आणि न लढलेले दोघे, काहीही न करता, बळकट होतात. गुणांच्या पाटीवर बरोबरी दिसते, पटावर ती नसते. म्हणून अनुभवी खेळाडू बरोबरीची मारामारी शक्यतो टाळतो. मोहरे घेतो ते परतफेडीची शक्यता नसताना, अथवा त्या बदल्यात एखादा खेळाडू खेळातून कायमचा बाद होत असेल तेव्हा. शेजाऱ्याशी अटीतटीने लढताना आपण जिंकत आहोत असे वाटले, की एकदा मान वर करून त्या स्वस्थ बसलेल्या चौथ्याकडे पाहावे. त्याची मोहरी मोजावीत. बहुधा त्याची सर्व सोळा जागच्या जागी असतात.

मित्रहो, या पाचव्या डावपेचापाशी थोडे थांबले पाहिजे, कारण याची किंमत आपल्या पूर्वजांनी खऱ्या पटावर मोजली आहे. आणि त्या पटाचे एक महत्त्वाचे घर बेळ्ळंदूरपासून फार दूर नाही.

१६८७ साली हेच बंगळूर चौघांच्या खेळातील एक मोहरे झाले होते. शहाजीराजांच्या जहागिरीचे हे ठाणे त्यांचे पुत्र एकोजीराजे यांच्याकडे होते. एकोजी तंजावरला राज्य करीत होते आणि दूरचे हे ठाणे राखणे त्यांना जड जात होते. म्हैसूरच्या चिक्कदेवराजाशी ते तीन लक्ष रुपयांस विकण्याची बोलणी सुरू झाली. सौदा दोघांत होता. पण त्या उन्हाळ्यानंतर मोगल सेनापती कासिमखान याने येऊन बंगळूर घेतले. जिंजीहून निघालेली मराठी फौज पोचेपर्यंत वेळ टळून गेली होती. पुढे मोगलांनी तेच ठाणे चिक्कदेवराजास दिले आणि ठरलेली रक्कम स्वतः घेतली. विकणाऱ्याच्या हाती काही आले नाही. दोघांच्या व्यवहारात तिसऱ्याची खेळी मोजली नव्हती, इतकेच.

शंभर वर्षांनंतर हाच खेळ दख्खनभर मांडला गेला. पेशवे, निजाम, म्हैसूर आणि इंग्रज, असे चौघे खेळाडू होते. १७८० मध्ये नाना फडणिसांनी हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांना एकत्र आणून इंग्रजांविरुद्ध कट उभारला, तेव्हा पटावरचा खरा धोका कोणता हे त्यांनी अचूक ओळखले होते. परंतु चौघांच्या खेळात मित्र हे एका खेळीपुरतेच मित्र असतात. निजामास गुंटूर देऊन आणि भोसल्यांस पैसा देऊन वॉरन हेस्टिंग्जने त्यांना हळूच बाजूला काढले. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला. पुढे १७८६-८७ मध्ये पेशवे व निजाम टिपूशी लढले आणि गजेंद्रगडास तह झाला. तिघे लढले. चौथा बसून होता.

१७९० मध्ये इंग्रज, निजाम आणि पेशवे यांचा टिपूविरुद्ध त्रिवर्ग संघ झाला. २१ मार्च १७९१ च्या रात्री कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला हल्ला करून घेतला. त्या किल्ल्याचा काही भाग कृष्णराजेंद्र बाजाराजवळ आजही उभा आहे. मात्र पुढे श्रीरंगपट्टणापर्यंत जाऊनही बैल आणि धान्य यांच्या अभावी कॉर्नवॉलिसला आपल्या मोठ्या तोफा नष्ट करून मागे फिरावे लागले. त्या मे महिन्यात मेलकोट्याजवळ हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा येऊन मिळाल्या. मराठी छावणीच्या बाजारात धान्य होते. उपाशी इंग्रज सैन्य त्यावर तगले. पटाच्या भाषेत सांगावयाचे तर, बाद होऊ घातलेल्या खेळाडूस शेजाऱ्याने जोर दिला. १७९२ च्या तहात टिपूचे अर्धे राज्य गेले आणि तीन कोटी तीस लक्ष रुपयांचा दंड बसला. वाटणी तिघांत झाली. वरवर पाहता पेशव्यांचा डाव उत्तम चालला होता.

मार्च १७९५ मध्ये खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. मराठी मनाला या विजयाचा अभिमान वाटतो आणि तो अस्थानीही नाही. परंतु चौघांच्या पटावर तो पाहिला तर निराळा दिसतो. गव्हर्नर जनरल सर जॉन शोअर या लढाईत तटस्थ राहिला. त्याने एकही मोहरे हलविले नाही. दुबळा झालेला निजाम १७९८ मध्ये इंग्रजांच्या तैनाती फौजेच्या आश्रयास गेला. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. त्या युद्धात पेशवे नव्हते. १८०० मध्ये नाना फडणीस निवर्तले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईच्या तहावर सही केली आणि तोही तैनाती फौजेच्या छत्राखाली गेला. रघुनंदनाने सांगितलेला नियम येथे आठवावा: मित्राच्या सिंहासनावर पाऊल ठेवणारा राजा दोन्ही सेनांचा धनी होतो. निजाम आणि पेशवा, दोघेही इंग्रजांचे शत्रू म्हणून संपले नाहीत. ते मित्र म्हणून संपले.

एवढ्याने इतिहास म्हणजे बुद्धिबळ असा समज कोणी करून घेऊ नये. नाना फडणिसांसारख्या मुत्सद्द्याला धोका दिसत नव्हता, असेही नाही. पुण्याच्या दरबारातील कलह, रिकामा खजिना, ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा अकाली मृत्यू, यांतून त्यांना मोकळे घर सापडले नाही. शिवाय, पटावर मारलेले प्यादे संध्याकाळी पेटीत परत जाते. १७९१ च्या त्याच मोहिमेत मराठी फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला, आणि त्या मठाच्या पुनःस्थापनेसाठी मदत पाठविली ती टिपूने. अशा गोष्टींचे गुण कोणत्याही पाटीवर मांडता येत नाहीत. खेळापासून शिकावे ते एवढेच, की चढाईच्या भरात न मोजलेली खेळी कोणाची, हे विचारण्याची सवय लागावी. त्या सवयीचा उपयोग पटाबाहेर कसा करावा, हे ज्याचे त्याने पाहावे.

आता पुन्हा पटाकडे वळून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

प्रत्येक खेळीपूर्वी पट चार वेळा वाचावा. प्रथम डावीकडच्याच्या जागी आपण आहोत असे समजून: मी आता जे करणार ते पाहून तो काय करील? नंतर समोरच्याच्या, मग उजवीकडच्याच्या जागी बसून तोच प्रश्न विचारावा. शेवटी आपल्या स्वतःच्या जागी यावे. आरंभी हे कष्टाचे वाटते. दहावीस डावांनंतर ते हातात बसते. वेळ कमी असेल तर निदान शहांची मोजणी करावी: तिघांपैकी कोण कोण मला शह देऊ शकतो? कारण शह हीच एक खेळी अशी आहे की जी आपल्या सर्व योजना एका क्षणात स्थगित करते.

फार लवकर आघाडीवर जाऊ नये. ज्याचे गुण सर्वांत अधिक, त्याच्याविरुद्ध उरलेले तिघे न बोलता एक होतात. याउलट अगदीच दुबळे दिसणेही घातक असते, कारण मातीचे वीस गुण सर्वांनाच हवे असतात. दुसऱ्या क्रमांकावर, शाबूत मोहऱ्यांनिशी, राजा बंदोबस्तात ठेवून असणे ही मधल्या डावातील सर्वांत सुखाची जागा होय. एक खेळाडू बाद होऊन तिघे उरले की खेळ आणखी नाजूक होतो. तेथे दोन दुबळ्यांनी आपापसांत लढणे म्हणजे तिसऱ्यास डाव बहाल करणेच होय. आपला कितीही राग त्या दुसऱ्या दुबळ्यावर असो, त्या वेळी तो आवरावा लागतो.

राहिला प्रश्न संगनमताचा. चौघांच्या खेळात दोघांनी आधी बाहेर ठरवून बसणे, खुणा करणे, दुसऱ्या भाषेत कुजबुजणे, ही सरळ लबाडी आहे आणि घरच्या खेळातही ती खपवून घेऊ नये. एकाच घरातील दोघे एका पटावर असतील तर हे विशेष सांभाळावे. परंतु पटावरच्या खेळीने दुसऱ्यास सुचविणे, ‘मी तुझ्याकडे येत नाही, तूही येऊ नकोस,’ एवढे न बोलता समजणे, यात गैर काही नाही. ती या खेळाची भाषाच आहे. फक्त ती समजूत दोघांनाही लाभाची असेल तोवरच टिकेल, हे गृहीत धरावे. विश्वास ठेवावा, पण राजाभोवतीची प्यादी काढून ठेवू नयेत. आणि समजूत मोडली म्हणून पटावरून उठून जाऊ नये. शेजाऱ्याशी उद्याही जिन्यात भेट व्हावयाची असते.

मुलांना हा खेळ शिकविताना एक गोष्ट आवर्जून सांगावी. दोघांच्या खेळात हरलेल्यास समोरच्याचे कौशल्य दिसते, आणि ते मान्य करणे सोपे जाते. चौघांच्या खेळात हरलेले मूल म्हणते, ‘तिघांनी मिळून मला मारले.’ ते खोटे नसते. तथापि त्याच्याबरोबर पट पुन्हा मांडून, आपण कोणाकडे पाहात होतो आणि कोणाकडे पाहिलेच नाही, हे शोधून काढावे. बहुतेक वेळा ती खेळी सापडते. तिघे एकत्र आले होते हे खरे असते, आणि त्यांना एकत्र येण्याची जागा आपणच मोकळी करून दिली होती हेही खरे असते.

आश्विनी पौर्णिमेची रात्र दर वर्षी येते. गच्चीवर दुधाचे पातेले ठेवून जागावयाचे असेल, तर त्या रात्री चौघांचा पट मांडून पाहावा. पाच शतकांपूर्वी ज्या रात्रीसाठी हा खेळ ग्रंथात लिहिला गेला, तीच ती रात्र. पहिला डाव लवकर संपेल. दुसऱ्या डावापासून माणूस मान वर करून इकडेतिकडे पाहू लागतो. ‘कोण जागे आहे?’ या प्रश्नाला पटावर उत्तर द्यावयाचे ते असेच.